स्थळपाहणीतली म्हैस

सरकारी कागदपत्रांनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांतल्या झाडून सगळ्या नाल्यांवर मिळून एक म्हैस राहत होती, आणि तिचा जन्मदाता मी. मी तिला कधी वैरण घातली नाही, तिची धार काढली नाही, तिच्या गळ्यात दावं बांधलं नाही. तरी वीस वर्षं ती माझ्या जिवावर जगली, आणि इतकी धष्टपुष्ट जगली की शेवटी एका वाडीचा साकव तिने एकटीने अडवून धरला. साकव म्हणजे नाल्यावरून पायी जायचा छोटा पूल. छोटा म्हणून कोणी हसू नये. त्या वाडीसाठी तो नुसता पूल नव्हता, ती नाळ होती.

आमचं ऑफिस अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. रस्ता असो, पूल असो, पाण्याची लाइन असो, काम सुरू व्हायच्या आधी तिथल्या झाडांना, पाण्याला, जनावरांना काय त्रास होईल ते तपासून आमच्याकडून कागद जायचा. त्या कागदाला जोडायचा स्थळपाहणी अहवाल माझ्याकडे. जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं, हातानं लिहायचं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी खरोखरच गेलो. नवे बूट, नवी छत्री, नवी वही. वालधुनी नदीला मिळणारा एक नाला होता. तिथे मी इतका वेळ स्थिर उभा राहिलो की एका बगळ्यानं मला खांब समजून छत्रीवर बैठक मारली आणि दोन तास हलला नाही, म्हणून मलाही हलता येईना. सगळं टिपून घेतलं. नाल्याची रुंदी बारा फूट. दोन्ही काठांवर बाभळी. पाण्याचा रंग जांभळा. तोही फक्त त्या दिवशीचा, कारण कारखान्यांच्या कृपेनं वालधुनीचं पाणी सणासुदीच्या नवरीसारखं रोज नवा रंग नेसतं. आणि पाण्यात बसलेली, रवंथ करणारी एक काळी म्हैस.

साहेबांनी अहवाल वाचला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "वा! म्हैससुद्धा! ह्याला म्हणतात निरीक्षण. हाच नमुना ठेवा."

आमच्या ऑफिसात साहेबांनी 'हाच नमुना ठेवा' म्हटलं की त्या मजकुरावर काळाची सत्ता संपते. साहेब बदलले, सरकारं बदलली, पंखेसुद्धा एकदा बदलले. नमुना बदलला नाही. पुढे फायली अशा यायला लागल्या की टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय ते फक्त आवाजावरून ओळखू यायचं. जागेवर जायला ऑफिसची एक स्कूटर होती, ती मी रुजू होण्याआधीच आजारी रजेवर गेली होती. मग काय, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एक सिंधी टायपिंगवाले होते, मी त्यांना साईं म्हणायचो आणि ते मला, त्यांच्याकडे नमुना नेऊन दिला. मी नाल्याचं नाव सांगायचो, ते नाव बदलायचे, बाकी बारा फूट, बाभळी, म्हैस जिथल्या तिथं. सात मिनिटांत स्थळपाहणी. त्यात पाच मिनिटं चहाची.

एकदा माझ्या मनाला टोचणी लागली. म्हटलं, "साईं, या वेळी म्हैस काढून टाका."

साईंनी चाळीशीवरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरातलं माणूस हाकलायला सांगतोय. "साईं, म्हैस निकाली तो पेज खाली दिखता है. वरचे लोक बोलतील, इसने कुछ देखाच नहीं. राहू दे ना बेचारी. कुठे जाईल?"

राहिली.

आणि मग वरून अनुदान आलं. पर्यावरणाची तपासणी आणि बांधकामांच्या परवानग्या यांचं आधुनिकीकरण. सहा महिन्यांचं काम सहा दिवसांत, कागद नाही, धूळ नाही, खेटे नाहीत. खोके यायला लागले ते आठ दिवस येतच होते. भिंतीएवढा टीव्ही आला. तळहाताएवढे टॅब आले. एक स्कॅनर आला, तो कागद असा भसाभसा खायचा की आमच्या शिपायानं टेबलावर ठेवलेला स्वतःच्या रजेचा अर्ज त्यानं गिळला आणि मंजूरही करून टाकला. सर्व्हर आला, आणि त्याला उकडू नये म्हणून एसी आला. सबंध ऑफिसात एसी तेवढा एकच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे फायलींसकट सर्व्हरच्या खोलीत. उन्हाच्या दिवसांत अंबरनाथमध्ये स्वेटर घालून काम करणारं आमचं एकमेव ऑफिस असावं.

ड्रोनही आला. पहिलं उड्डाण साहेबांनी स्वतः केलं. नारळ फोडला, बटण दाबलं, ड्रोन जो सुटला तो रेल्वेरूळ ओलांडून, कारखान्यांवरून गिरक्या घेत थेट कॅम्प दोनच्या बाजारपेठेत एका गच्चीवर उतरला. गच्चीवर पापड वाळत घातलेले. ड्रोनच्या पंख्यांनी अर्धे पापड कॅम्प तीनला रवाना केले. आम्ही धापा टाकत पोचलो तर घरच्या सिंधी आजींनी ड्रोन टोपलीखाली झाकून त्यावर पाटा ठेवला होता.

"आजी, सरकारी वस्तू आहे," साहेब म्हणाले.

"सरकारी है, इसीलिए तो बांध के रखा," आजी म्हणाल्या. "पहिले बैठो. पापड खाओ, पाणी पियो. घर आया आदमी ऐसे नहीं जाता."

घरी आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय सोडायचं नाही हा त्यांचा रिवाज, आणि उडून गेलेल्या पापडांचा राग वेगळा. साहेबांना त्यांनी इतके पापड खायला लावले की पुढचे तीन दिवस साहेब बोलले की कुरकुर ऐकू यायची.

या सगळ्या यंत्रांची मालकीण म्हणजे बदलापूरहून येणारी एक इंजिनीअर मुलगी. यंत्रं विकणाऱ्या कंपनीनं तिला आमच्या ऑफिसात बसवलं होतं. वयानं माझ्या पुतणीएवढी, पण आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो आणि ती मला काका. तिनं आमचे वीस वर्षांचे सगळे अहवाल स्कॅनरला चारले. सॉफ्टवेअर ते वाचणार, नकाशावर मांडणार, आणि नवीन अर्ज आला की जुन्या नोंदी बघून हिरवा किंवा लाल दिवा लावणार.

एके दिवशी जेवणानंतर तिनं हाक मारली. "काका, जरा येता का? एक गंमत दाखवते."

भिंतीएवढ्या टीव्हीवर तिन्ही गावांचा नकाशा. उल्हास नदी, वालधुनी, आणि त्यांना मिळणारे बारीकसारीक नाले. प्रत्येक नाल्यावर एक काळा ठिपका. नकाशाला गोवर आल्यासारखा दिसत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"म्हैस," मॅडम म्हणाली. "प्रत्येक जागी एक. वीस वर्षं. बसलेली. रवंथ करणारी. काका, वीस वर्षांत ही एकदाही उठली नाही?"

सॉफ्टवेअर हुशार होतं, पण त्याला साईं माहीत नव्हते. त्यानं हिशेब केला की ज्या अर्थी इतक्या जागी, इतकी वर्षं, एकाच अवस्थेत मोठं जनावर आढळतं, त्या अर्थी हा या भागातला कायमचा पशुसंचार आहे. आणि नियम असा की पशुसंचाराच्या वाटेवर काही बांधायचं तर जनावरांच्या येण्याजाण्याचा स्वतंत्र आराखडा जोडा. तो नाही तर लाल दिवा. सहा दिवसांत परवानगी देणारी यंत्रणा पहिल्याच दिवशी प्रत्येक नाल्यावर लालभडक होऊन बसली.

रांगेतला पहिला अर्ज होता बदलापूरच्या पलीकडच्या एका वाडीच्या साकवाचा.

तो अर्ज घेऊन येणाऱ्या बाईंना आमच्या ऑफिसात ओळखत नाही असा कोणी नव्हता. वाडीतल्या अंगणवाडीच्या सेविका. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात छत्री, आवाज असा की त्या खाली आल्या की दुसऱ्या मजल्यावरची कबुतरं तिसऱ्या मजल्यावर जायची. त्यांच्या वाडीची अर्धी घरं नाल्याच्या अलीकडे रस्त्यालगत, अर्धी पलीकडे. अंगणवाडीची खोली अलीकडे आणि निम्म्याहून जास्त मुलं पलीकडे. पावसाळ्याचे चार महिने नाला फुगला की ती मुलं घरी, त्यांची खिचडी इकडे. हजेरी कमी पडते म्हणून वरून पत्र आलं होतं. या जूनमध्ये सुपरवायझर बाई मोजणीला येतील, पटावरची मुलं खोलीत दिसली नाहीत तर अंगणवाडी बंद करून पुढच्या गावच्या अंगणवाडीत जोडणार. पुढचं गाव तासाभराच्या चालीवर. तीन वर्षांचं पोर तासभर चालत खिचडी खायला जाणार नाही, हे पत्र लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. साकव मंजूर होता. फक्त आमचा कागद मार्चअखेरच्या आत मिळाला पाहिजे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये काम होऊन जूनला पोरं चालत येतील. नाहीतर मंजुरी संपली आणि अंगणवाडीही.

मार्चचा दुसरा आठवडा चालू होता.

"भाऊ, आज तरी झाला का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"अडलंय, ताई."

"कोनी अडवला? नाव सांगा मना."

"म्हैस."

त्यांनी छत्री टेबलावर ठेवली. "कुनाची म्हैस?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मॅडमनं माझ्याकडे बघितलं. सर्व्हरसुद्धा घरघरायचा थांबला असं मला वाटलं.

"आमचे वाडीत म्हैसच नाय हो," ताई म्हणाल्या. "शेवटची होती ती माझ्या सासूच्या लग्नाच्या वरातीत ढोल ऐकून पलाली, ती अजून पलतेय. तुमाला कुठं गावली?"

साहेबांनी तातडीनं सर्व्हरच्या खोलीत बैठक बोलावली. मॅडमनं फॉर्म उघडला. जनावराची नोंद हटवायची तर तीन कारणं दिली होती. जनावर मृत. जनावर स्थलांतरित. जनावर विकले. 'जनावर नव्हतेच' असं कारण फॉर्म बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मारून टाकू," साहेब म्हणाले.

"पशुवैद्यकाचा दाखला लागेल, सर," मॅडम म्हणाली. "आणि देहाचा फोटो. प्रत्येक नाल्यावरचा."

साहेबांनी मनातल्या मनात तेवढे देह मोजले आणि स्वेटरची वरची गुंडी लावली. "मग विकू."

"घेणाऱ्याची सही."

"स्थलांतर?"

"जिथे गेली तिथल्या ऑफिसनं स्वीकारली पाहिजे."

साहेबांनी शेजारच्या भागातल्या आपल्या जोडीदार अधिकाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर. "अहो, एक म्हैस घेता का? कागदी आहे. खात नाही, पीत नाही, शेणसुद्धा टाकत नाही."

पलीकडून आधी एक लांबलचक सुस्कारा आला. "नको हो. आमच्याकडे आधीच बिबट्या आहे. प्रत्येक रस्त्यावर एक. कोणीतरी एकदा बघितला होता, तेव्हापासून निघतच नाही. तुम्ही आमचा बिबट्या घ्या, मी तुमची म्हैस घेतो."

"आमची निदान बसून तरी असते," म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

मग मॅडमनं हळूच फॉर्मच्या तळाशी, जिथं सहसा कोणी जात नाही अशा जागी बोट ठेवलं. तिथं चौथा पर्याय होता: मूळ नोंद चुकीची. त्यासाठी दोन गोष्टी लागत. ज्यानं नोंद केली त्याचं सहीनिशी निवेदन, की पाहणी प्रत्यक्ष झाली नव्हती. आणि त्याच माणसानं आता जागेवर उभं राहून, टॅबवर, जागेच्या खुणेसकट केलेली नवी पाहणी.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सर्व्हरच्या मागे जागा आहे का बघितलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. वीस वर्षांची थाप एका सहीनं कबूल करायची म्हणजे आयुष्यभर घातलेलं धोतर भर चौकात सोडून दाखवण्यासारखं.

"दोन दिवस द्या," मी म्हटलं. "जरा ताप आहे."

ताई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांना ऐकू येणार नाही अशी भिंत अजून बांधायची आहे. आत आल्या, माझ्यासमोर बसल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. तो हळू आवाज मला त्यांच्या मोठ्या आवाजापेक्षा जास्त लागला.

"भाऊ, ती म्हैस तुमची हाय?"

मी मान डोलावली.

"वीस वर्सं तुमी खुर्चीत बसून आमचा नाला बघितला?"

"ताई, म्हणजे कसं आहे की..."

"कसा पन नाय. पलीकडची पोरा माझ्या नजरेसमोर हायेत. चार महिने काठावर उभी राहून हात हलवतात मना. मी इकडनं हलवते. असा अंगणवाडी चालते काय?" मग एकदम मूळचा आवाज परत आला, कबुतरं उडाली. "ताप हाय ना? चला. नाल्याचे पान्यात ताप उतरतो."

निवेदनावर मी तिथंच सही केली. धाडस नव्हतं, त्यांच्या छत्रीचं टोक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या स्कूटीवर मागं बसून, टॅब पोटाशी धरून, मी बदलापूर ओलांडून वाडीला पोचलो. नोकरीतली माझी दुसरी स्थळपाहणी. मार्चचं ऊन असं की रस्त्यावरच्या डांबरानं माझी चप्पल दोनदा मागून घेतली. समोर डोंगरांची रांग आणि मध्ये नाला. मी जागच्या जागी उभा राहिलो. बाभूळ एकसुद्धा नव्हती. करंज होते, उंबर होता, आणि रुंदी... मला आपलं वाटत होतं की ऊन डोळ्यांवर आलंय.

"टेप काढा," ताई म्हणाल्या. त्यांनी टोक पकडलं आणि नाल्यात उतरून चालायला लागल्या. बारा फूट झाले, त्या चालतायत. वीस झाले. त्या मागं वळून म्हणाल्या, "सोडा ना वो टेप, धरून काय बसलेत?" तीस झाले, चाळीस झाले, आणि टेपचा डबा माझ्या हातातून उडून त्यांच्या मागं पळाला. त्या अजून पलीकडच्या काठाला पोचल्या नव्हत्या.

मॅडमनं साकवाचं ड्रॉइंग काढलं. मोठ्या पुलांची मापं इंजिनीअर स्वतः घेतात, आमच्या अहवालाकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि म्हणूनच ते पूल उभे आहेत. पण हा साकव इतका चिल्लर की कोणाला इतक्या लांब यायची उसंत नव्हती. ड्रॉइंगवाल्यानं माझ्या अहवालावर विश्वास ठेवला होता. साकवाची लांबी नेमकी बारा फूट.

"काका," मॅडम म्हणाली, "हा पूल नाल्याच्या अलीकडच्या पाण्यातच संपतो."

"तं काय," ताई पलीकडून ओरडल्या, "पोरांनी तिथवर उड्या मारायच्या!"

मी हसलो, आणि मग ते हसू टिकलंच नाही. लाल दिवा लागला नसता, म्हैस नसती, तर मीच पाठवलेल्या कागदावर तो पूल एप्रिलमध्ये झाला असता, आणि जूनमध्ये ती पोरं पलीकडच्या काठावरून त्याच्या टोकाकडे बघत उभी राहिली असती. मी टॅब उघडला आणि ठरवलं की आज दिसेल तेवढंच लिहायचं, दिसेल ते सगळं.

ताई दाखवत गेल्या. करंजाच्या फांदीत, माझ्या डोक्याच्या दोन हात वर, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. "हे बघा. पानी गेल्या वर्षी इथवर आलेला. झाडानं निशानी धरून ठेवलीय तुमच्यासाठी." ड्रॉइंगमधला साकव माझ्या कमरेएवढा उंच होता. मग खडकांमधल्या एका चिंचोळ्या वाटेशी नेलं. पावसाच्या सुरुवातीला मासे इथून उलटे वर चढतात. त्या म्हणाल्या की इतके चढतात की पाणी दिसत नाही, नुसती चंदेरी गर्दी, आणि पलीकडच्या आजोबांनी एकदा झोपेत तोंड उघडं ठेवलं तर दोन तोंडात. मी त्यातले तोंडातले दोन सोडून बाकीचे लिहिले. ड्रॉइंगमध्ये पाइप टाकून वर काँक्रीट होतं. पाइप टाकले असते तर माशांची वाट बंद. वाडीच्या चार महिन्यांच्या कालवणाला ते कुलूप झालं असतं.

शेवटी फोटो राहिला. नेटवर्क फक्त नाल्याच्या मधोमध एका खडकावर यायचं. मॅडम खडकावर चढली, आम्ही काठावर. "काका, जरा बाजूला. म्हैस नाही हे नीट दिसलं पाहिजे." तिनं बटण दाबलं आणि त्याच क्षणी वळणावरून डुलत डुलत तीन म्हशी आल्या. काळ्या कुळकुळीत. एक माझ्याकडे बघत पाण्यात बसली आणि रवंथ करायला लागली.

मॅडम खडकावर उभ्या जागी हसत सुटली. टॅब पाण्यात पडायचा वाचला.

"या आमच्या नाय!" ताई छत्री घेऊन धावल्या. "या पुढच्या तबेल्यातल्या! रोज दुपारी येतात पान्यात बसायला! भाऊ, लिवू नका हां यांना! पुसा त्यांना!"

एक फोटो परत काढला असता, म्हशींना पाच मिनिटं हाकललं असतं, की झालं होतं. मॅडमही तेच म्हणाली. पण मी नुकतीच सही केली होती, आणि खरं सांगायचं तर वीस वर्षांनी मला पहिल्यांदाच नाल्यावर खरी म्हैस मिळाली होती. ती लपवायची माझी तयारी नव्हती. "म्हशी लिहायच्या," मी म्हटलं. "तीन. शेजारच्या तबेल्यातल्या. दुपारी पाण्यात बसतात, संध्याकाळी घरी जातात. वाटेसाठी साकवाखाली म्हैस निघेल एवढी उंची हवी."

ताईंचा चेहरा उतरला. "पुन्हा आडवी आली रांड," त्या पुटपुटल्या.

ऑफिसात मॅडमनं सगळं भरलं. रुंदी खरी, पाण्याची खूण खरी, मासे, म्हशी. जनावरांच्या येण्याजाण्याच्या आराखड्याच्या रकान्यात चार ओळी: पाइप नकोत, खांब हवेत, लांबी काठापासून काठापर्यंत, उंची फांदीतल्या पिशव्यांच्या वर. ड्रॉइंगवाल्यानं दोन दिवस-रात्र बसून नवीन नकाशा पाठवला, कारण ताई त्याच्या दारात जाऊन बसल्या होत्या आणि त्याच्याकडेही कबुतरं होती. टीव्हीवर चकरी फिरत राहिली. साहेबांनी हात जोडले. मी मात्र लाल दिव्याची तयारी करून बसलो होतो. चकरी थांबली.

हिरवा.

मार्च संपायला तीन दिवस होते. साहेबांनी आनंदानं ड्रोन उडवायला काढला, तो आम्ही चौघांनी मिळून धरून ठेवला.

निवेदनाचं काय झालं, तर माझी नोकरी गेली नाही. साहेबांनी त्याहून वाईट केलं. म्हणाले, "चूक तुमची, दुरुस्ती तुमची. आता उरलेल्या सगळ्या नाल्यांवर जाऊन या." तेव्हापासून जातोय. पायांचे इतके हाल झाले की ते आता ऑफिसात आल्यावर माझ्याशी बोलत नाहीत.

साकव मेअखेर झाला. कठड्याला रंग लागायचा होता. जूनमध्ये नाला फुगला आणि त्याच आठवड्यात सुपरवायझर बाई मोजणीला आल्या. ताईंनी मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून की ताप उतरला का ते बघायला, ते सांगितलं नाही. खाली गढूळ पाणी घोंघावत होतं आणि वरून पलीकडची पोरं येत होती. चालत नव्हती, त्या पुलावरून चालायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पळत येत, अलीकडच्या टोकाला हात लावत आणि परत पलीकडे पळत.

सुपरवायझर बाई दाराशी पट उघडून उभ्या. "पंधरा, सोळा, सतरा... अरे, थांब. तुला मघाशी मोजलं ना? परत पलीकडे कशाला गेलास?"

"पूल बगाला," तो म्हणाला आणि पळाला.

त्यांनी तीन वेळा मोजलं, तीन वेळा वेगळा आकडा आला, आणि तिन्ही वेळा पटावर होती त्यापेक्षा जास्त मुलं भरली. शेवटी त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. "तुम्ही मोजता का? तुम्ही सरकारी आहात."

मी नकार देणार होतो, तेवढ्यात ताई आतून खिचडीचं पातेलं घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून त्यांनी एकच हाक दिली. सगळी पोरं जिथं होती तिथून सुटली, पुलावरून, अंगणातून, माझ्या दोन पायांमधून, आणि खोलीत रांगेनं मांडी घालून बसली.

"आता मोजा," ताई म्हणाल्या.

मी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. पटावरचं एकही कमी नव्हतं.